अण्णांचं बोर्डिंग



हॉस्टेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेसची पातळ डाळ, बाथरूमपुढची रांग, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण आणि नोटीस बोर्डावरच्या सूचना. तक्रार वॉर्डनकडे करायची, दुरुस्ती कॉलेजने करायची, आणि आपण फक्त राहायचं... चार वर्षं! पण याच महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, ज्याने हॉस्टेल हीच खरी शाळा मानली. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे कर्मवीर म्हणजे माझ्यासाठी जनरल नॉलेजच्या पुस्तकातली एक ओळ होती : रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक. बस्स! इथे आल्यावर मात्र आमच्या विंगमधल्या निम्म्या मुली 'रयत'च्या शाळेतून आलेल्या निघाल्या. त्या 'अण्णा' असं काही म्हणायच्या, की मला वाटलं घरातल्याच कुणाबद्दल बोलतायत. म्हणून लायब्ररीतून चरित्र आणलं, आणि पीएलमध्ये नको ते वाचायची आपली परंपरा पाळली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तिथे असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर बोर्डिंगने शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितली. त्यांनी साफ नकार दिला. परिणाम? बोर्डिंगमधून हकालपट्टी! पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने ते राहिले, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. म्हणजे ज्या माणसाने शेकडो शाळा काढल्या, तो आपल्या भाषेत ड्रॉप आऊट होता.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त मोठी वाटते. १९१४ मध्ये कोल्हापुरात डांबर प्रकरण झालं. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणलं गेलं. लठ्ठे म्हणजे त्याच जैन बोर्डिंगच्या कारभारातले. जुना राग काढायची आयती संधी होती. पण भाऊरावांनी तुरुंगातले हाल सोसले, साक्ष दिली नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. हे गृहस्थ काही काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरत होते. मशीन विकता विकता त्यांना दिसलं, की नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला शाळाच नाही. आणि शाळा तालुक्याला असली, तरी पोराने राहायचं कुठे, जेवायचं काय? म्हणजे प्रॉब्लेम नुसता शाळेचा नव्हता, राहण्याचा होता. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथलं बोर्डिंग उभं राहिलं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

इथे वॉर्डन, मेस काँट्रॅक्टर, सफाई कामगार अशी वाटणी नव्हती. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतातलं काम, सगळं मुलंच करायची. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका चुलीवर शिजलेलं एका पंगतीत जेवायची. हे १९२० च्या दशकात, जेव्हा गावात पाणवठेसुद्धा वेगळे होते! गावकऱ्यांचा विरोध झाला, पण पंगत मोडली नाही. कारण ज्याच्याबरोबर पहाटे जात्यावर दळलंय, त्याला दुपारी वेगळं कसं बसवणार? जातिभेदावर भाषणं ठोकण्यापेक्षा अण्णांनी कामाचं टाइमटेबल लावलं. मला यातलं हे लॉजिक फार आवडलं.

अर्थात पैसा नव्हताच. एकदा बोर्डिंगमध्ये धान्य संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे मुलांच्या वहिनींनी, मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. बाकीचे दागिने आधीच गेले होते. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतेचा वटवृक्ष आपण बघतो, पण त्याच्या मुळाशी या बाईचं सोनं आहे, हे गॅदरिंगच्या भाषणात कुणी सांगत नाही.

पुढे १९३२ मध्ये पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि 'कमवा आणि शिका' कॉलेजपर्यंत पोचलं. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे ला अण्णा गेले.

आता जरा आपल्याकडे बघू. आपल्या मेसमध्ये कुणी जातीवरून वेगळं बसत नाही, मान्य. पण टेबलं मात्र ठरलेली आहेत : लातूर-नांदेडचं वेगळं, पुणे-मुंबईचं वेगळं, इंग्लिश मीडियमवाल्यांचं वेगळं, आणि डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयरला आलेले कोपऱ्यात. फर्स्ट इयरची एखादी मुलगी महिनाभर एकटी जेवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कल्चरल कमिटी दरवर्षी तेच दहाजण चालवतात, बाकीचे खुर्च्या भरतात. आणि मेसचे काका, मावशी आपलं सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवतात.

मला असं सुचतं, की कामं वाटून घ्यावीत, आणि ती मुद्दाम मिसळून. महिन्यातून एका रविवारी मेस आपण चालवायची. चिठ्ठ्या टाकून टीम करायची, म्हणजे लातूर आणि मुंबई एकाच परातीत कणीक मळतील. त्या दिवशी पहिली पंगत काका-मावशींची, वाढपी आपण. गॅदरिंगची कामंही अशीच विंगवार वाटावीत. पोळ्यांचे नकाशे होतील, भाजी खारट होईल... होऊ दे! मेसची डाळ तरी कुठे धड असते?

वॉर्डन मॅडम आणि सरांना विनंती, की निदान एका रविवारची परवानगी द्यावी. यादी मी मेसच्या दाराशी लावते. पहिलं नाव माझंच असेल, कांदे चिरायला.