डेनिस रिची: एकच प्रोग्रॅम सगळीकडे चालावा म्हणून झटलेला माणूस

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. काम एवढंच, की एका फोटोची कॉपी करायची. मित्राच्या लिनक्स लॅपटॉपवर तो मस्त चालला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये विंडोजवर चालवला, तर कॉपी झालेली फाइल अर्धवट आणि फोटो उघडेचना! कोड तोच, फोटोही तोच. चूक फक्त एका अक्षराची होती. ते अक्षर कोणतं, ते पुढे सांगतो. त्याआधी ज्यांच्यामुळे एकच कोड दोन सिस्टिमवर चालेल अशी अपेक्षा आपण ठेवू शकतो, त्या डेनिस रिची यांची गोष्ट बघूया.

न मिळालेली डॉक्टरेट

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ब्राँक्सव्हिल इथे झाला. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते आणि टेलिफोन स्विचिंगवर काम करायचे. डेनिस यांनी हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे तिथेच गणिताच्या अंगाने कॉम्प्युटरवर संशोधन केलं. प्रबंध लिहून झाला होता. पण त्याची बांधणी केलेली प्रत लायब्ररीत जमा करायची राहिली ती राहिलीच, त्यामुळे डॉक्टरेट कधी मिळालीच नाही! जगाला फाइल नीट कशी ठेवायची हे शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा प्रबंध मात्र जमा केला नाही.

१९६७ मध्ये तेही वडिलांप्रमाणे बेल लॅब्जमध्ये रुजू झाले.

फाइल म्हणजे नुसत्या बाइट्स

तेव्हा बेल लॅब्ज 'मल्टिक्स' नावाच्या एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात होती. १९६९ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. मग रिची यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी एका फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम लिहायला घेतली. रिचीही त्यात सामील झाले. हीच युनिक्स.

त्या काळच्या अनेक सिस्टिमवर फाइल बनवायची म्हणजे डोक्याला ताप असायचा. एका रेकॉर्डची लांबी किती, डिस्कवर जागा किती, हे सगळं आधीच सांगावं लागायचं. युनिक्सने हे सोपं करून टाकलं. फाइल म्हणजे एकामागून एक आलेल्या बाइट्स, बस्स. आत गाणं आहे, पत्र आहे की प्रोग्रॅम, याच्याशी सिस्टिमला घेणंदेणं नाही. कीबोर्ड आणि प्रिंटरसुद्धा फाइलसारखेच वाचता-लिहिता येऊ लागले.

भाषा मशीनपासून सुटली

पण युनिक्स असेंब्लीत, म्हणजे त्या एका मशीनच्याच भाषेत लिहिलेली होती. मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून! थॉम्पसन यांच्या 'बी' भाषेत सुधारणा करत रिची यांनी १९७१ ते १९७३ दरम्यान सी भाषा घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभाच सी मध्ये पुन्हा लिहिला गेला. पुढे १९७७-७८ च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या घडणीच्या मशीनवर नेऊन दाखवली.

आता प्रश्न होता इतर ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिथे फाइल उघडायची पद्धतच वेगळी. सहकारी माइक लेस्क यांनी यासाठी सी मध्ये वाचन-लेखनाचं एक पॅकेज लिहिलं होतं. रिची यांनी ते नव्याने घडवलं आणि १९७९ च्या युनिक्ससोबत ते बाहेर आलं. कॉलेजात प्रत्येक सी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत आपण 'एसटीडीआयओ' लिहितो ना, तेच हे! प्रोग्रॅमने फक्त 'एफओपन'ला हाक मारायची, खाली कोणती सिस्टिम आहे ते लायब्ररी बघून घेईल.

ते एक अक्षर

मग माझा फोटो का बिघडला?

युनिक्समध्ये ओळ संपली हे सांगायला एकच बाइट लागते. जुन्या टेलिटाइप यंत्राला मात्र दोन हुकूम द्यावे लागत: आधी डाव्या कडेला जा, मग कागद एक ओळ सरकव. डॉसने ती दोन बाइट्सची पद्धत ठेवली आणि ती विंडोजमध्ये आली. म्हणून विंडोजवर सी ची लायब्ररी टेक्स्ट वाचताना या दोन बाइट्सची एक करते आणि लिहिताना एकीच्या दोन. शिवाय २६ क्रमांकाची बाइट दिसली की फाइल संपली असं समजते. टेक्स्टसाठी हे ठीक आहे, पण फोटोत अशा बाइट्स कुठेही येऊ शकतात.

१९८९ मध्ये सी चं अधिकृत स्टँडर्ड आलं, त्यात यावर उपाय आहे. फाइल उघडताना मोडमध्ये 'बी' जोडायचा, म्हणजे बायनरी. मग कोणी बाइट्सना हात लावत नाही. युनिक्स घराण्यात हा 'बी' असला काय, नसला काय, काही फरक पडत नाही, कारण तिथे फाइल मुळातच नुसत्या बाइट्स असते. मी नेमका तोच विसरलो होतो.

रिची त्या स्टँडर्डच्या समितीत नव्हते. पण एक नवीन शब्द भाषेत घातला जातोय आणि तो चुकीचा आहे असं दिसल्यावर १९८८ मध्ये त्यांनी लेखी कडक विरोध केला. तो शब्द काढून टाकण्यात आला.

शांतपणे गेलेला माणूस

१९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना थॉम्पसन यांच्यासोबत मिळाला. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवडाभरातच, न्यू जर्सीतल्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत होते. जॉब्स यांच्यासाठी जग हळहळलं, रिचींची बातमी मात्र कित्येकांपर्यंत पोहोचलीच नाही.

खरं तर आयफोनची सिस्टिम युनिक्सच्याच वंशातली आहे आणि अँड्रॉइडच्या खाली असलेला लिनक्सचा गाभा मुख्यतः सी मध्येच लिहिलेला आहे. तुम्ही मित्राला पाठवलेला फोटो त्याच्या वेगळ्या कंपनीच्या फोनवरही जसाच्या तसा उघडतो, यामागे अनेकांचे हात आहेत. त्यातला एक या माणसाचा.

आणि हो, सी मध्ये फोटो कॉपी करणार असाल, तर 'बी' विसरू नका.