तेत्सुया फुजिता

तेत्सुया थिओडोर फुजिता (२३ ऑक्टोबर १९२० – १९ नोव्हेंबर १९९८) हे जपानी-अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ होते. टोर्नेडोने केलेल्या हानीवरून त्याची तीव्रता ठरविणारी फुजिता मापनश्रेणी त्यांनी १९७१ मध्ये मांडली.

प्रारंभिक जीवन

फुजिता यांचा जन्म जपानमधील सध्याच्या कीताक्यूशू शहराच्या परिसरात झाला. यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते तेथीलच मेइजी तंत्रमहाविद्यालयात अध्यापन करू लागले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसऱ्या अणुबॉम्बचे मूळ लक्ष्य जवळचे कोकुरा शहर होते. परंतु लक्ष्य स्पष्ट न दिसल्याने विमान नागासाकीकडे वळले. पुढे हिरोशिमा व नागासाकी येथील विध्वंसाची त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली. १९५३ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले.

टोर्नेडोचा अभ्यास

२० जून १९५७ रोजी अमेरिकेतील फार्गो शहरावर टोर्नेडो आदळला. नागरिकांनी काढलेली छायाचित्रे गोळा करून फुजिता यांनी त्या वादळाचा क्षणाक्षणाचा प्रवास उलगडला. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधील लबक शहरात टोर्नेडोने २६ बळी घेतले. तेथील हानीचे त्यांनी तपशीलवार नकाशे तयार केले. एक घर भुईसपाट होते आणि शेजारचे शाबूत राहते, याचे कारण मुख्य भोवऱ्यात फिरणारे लहान भोवरे होत, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या मापनश्रेणीत एफ-० ते एफ-५ असे सहा वर्ग आहेत.

डाउनबर्स्ट

एप्रिल १९७४ मधील टोर्नेडोंच्या मालिकेनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी झाडे एका केंद्रापासून चहूकडे आडवी पडलेली दिसली. नागासाकीतील खुणांशी त्यांचे साम्य होते. ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरणाऱ्या या झोतास त्यांनी डाउनबर्स्ट हे नाव दिले. १९७५ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या भीषण विमान अपघाताचे कारणही हेच असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. अनेक तज्ज्ञांनी ही कल्पना अमान्य केली. मात्र १९७८ मधील डॉप्लर रडारच्या निरीक्षणांनी तिला पुष्टी मिळाली. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात व विमानतळांवरील सूचनायंत्रणेत बदल झाले आणि असे अपघात पुष्कळ कमी झाले.

अखेरचा काळ

आयुष्यभर टोर्नेडोच्या खुणा वाचणाऱ्या फुजितांना प्रत्यक्ष टोर्नेडो प्रथम १९८२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी पाहायला मिळाला. १९९८ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मापनश्रेणीची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे.