वाऱ्याचा मास्तर : पोल ला कूर

सुझलॉनचं ‘वन अर्थ’ हे मुख्यालय आपल्या हडपसरमध्येच आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवरच्या पवनचक्क्याही ट्रेकला जाताना पाहिल्या असतील. पण वाऱ्यापासून वीज करून ती शेतकऱ्याच्या घरात पोचवायचा ध्यास सव्वाशे वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या एका मास्तरांनी घेतला होता. त्यांचं नाव पोल ला कूर.

१३ एप्रिल १८४६ रोजी एबेल्टॉफ्टजवळच्या एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. पुढे ते कोपनहेगनच्या हवामान संस्थेत उपसंचालक झाले. ट्यूनिंग फोर्कच्या साहाय्याने एकाच तारेतून अनेक संदेश पाठवण्याची युक्ती त्यांनी शोधली. राजधानीत बस्तान बसलं असतानाही १८७८ मध्ये ते आस्कोव्ह या खेड्यातल्या लोकशाळेत शिकवायला गेले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठीची ही निवासी शाळा, म्हणजे तिथेही आपल्यासारखंच होस्टेल!

तेव्हा विजेचे दिवे फक्त शहरांत लागू लागले होते. खेडी अंधारातच राहिली तर तरुण पोरं गाव सोडून जातील, ही ला कूर यांची काळजी होती. कोळसा बाहेरून आणावा लागे. पण शेकडो बेटांच्या त्या देशात वारा मात्र भरपूर. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी आस्कोव्हला प्रयोगाची पवनचक्की उभारली.

अडचणी दोन होत्या. वारा कधी जोरात, कधी मंद. त्यामुळे डायनामो एकसारखा फिरेना. त्यावर त्यांनी वजन आणि पट्टा वापरून ‘क्रॅटोस्टॅट’ नावाचं साधं यंत्र केलं. दुसरी अडचण म्हणजे वारा पडल्यावर काय? त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि १८९५ ते १९०२ या काळात त्यावर शाळेचे दिवे चालवले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्या उडायच्या! तरी प्रयोग थांबले नाहीत. नळकांड्यातून पंख्याने हवा सोडून त्यांनी पात्यांची मोजमापं घेतली. मोजक्या, नीट घडवलेल्या पात्यांची चक्की जास्त पात्यांच्या चक्कीपेक्षा सरस ठरते, हे त्यातून दिसलं.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम वर्गात झालं. १९०४ पासून त्यांनी खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री बनवायला सुरुवात केली. चक्की उभारायची, बॅटऱ्या सांभाळायच्या, तारा ओढायच्या, सगळं गावातल्याच माणसाने. २४ एप्रिल १९०८ रोजी ला कूर वारले. काम चालूच राहिलं. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कच्या ग्रामीण भागात साधारण १२० वीजकेंद्रांवर पवनचक्क्या होत्या.

त्यांचा विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ मध्ये फाल्स्टर बेटावर गेडसर इथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभी केली. आजच्या पवनचक्क्यांची ती पूर्वज मानली जाते. पुढे सामसो बेटाने २००० सालापर्यंत जमिनीवर ११ पवनचक्क्या उभारल्या आणि त्यातल्या बहुतेकांचे मालक तिथले शेतकरीच झाले.

आपण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये सोलर पंप करतो, गोबरगॅस करतो, मार्क मिळवतो. पण यंत्र बिघडलं तर गावात दुरुस्त कोण करणार? या प्रश्नाचं उत्तर ला कूर यांनी माणसं शिकवून दिलं. आपल्या रिपोर्टमध्येही त्यासाठी एक पान असायला हवं, नाही का?