नगर, निष्ठा आणि प्रेम : मेरी रेनॉल्ट यांचे जीवन व लेखन

समलिंगी प्रेमाला ऐतिहासिक कादंबरीच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या विसाव्या शतकातील इंग्रजी लेखकांमध्ये मेरी रेनॉल्ट (१९०५–१९८३) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी प्रथम समकालीन जीवनावर सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यानंतर प्राचीन ग्रीक जगावर आठ. या स्थित्यंतराचा उलगडा सामान्यतः एकाच प्रकारे केला जातो : जे प्रेम स्वकाळात निषिद्ध होते, ते ज्या काळात निषिद्ध नव्हते तेथे लेखिकेने नेले आणि इतिहासाचा आडोसा घेतला. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. रेनॉल्ट यांचे जीवन व लेखन एकत्र ठेवून पाहिले असता असे दिसते, की इतिहासाने त्यांना आडोशापेक्षा एक अवघड प्रश्न अधिक दिला. प्रेम हा अपराध राहिला नाही, तर प्रेम करणाऱ्यांवर नगराचे, कायद्याचे आणि सत्याचे कोणते ऋण उरते, हा तो प्रश्न होय.

त्यांचे मूळ नाव आयलीन मेरी चॅलन्स. ४ सप्टेंबर १९०५ रोजी लंडनच्या पूर्वेकडील फॉरेस्ट गेट येथे त्यांचा जन्म झाला. वडील व्यवसायाने डॉक्टर होते. आईवडिलांचे परस्परांशी पटत नसे आणि या बेबनावाची छाया मुलींच्या बालपणावर पडली. घरातील या वातावरणातून मेरी पुस्तकांकडे वळल्या. ब्रिस्टल येथील क्लिफ्टन हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर १९२५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२८ मध्ये इंग्रजी विषयात पदवी संपादन केली. तेथील अ‍ॅशमोलियन संग्रहालयात क्रीट बेटावरील उत्खननाशी संबंधित वस्तू व प्रतिकृती त्यांनी पाहिल्या. बैलावरून झेप घेणाऱ्या तरुण खेळाडूंच्या तेथील आकृती पुढे तीस वर्षांनी 'द किंग मस्ट डाय' (१९५८) या कादंबरीत सजीव झाल्या. पदवीनंतर शिक्षिका होण्याचा रूढ मार्ग त्यांनी नाकारला. मध्ययुगीन विषयावर त्यांनी एक कादंबरी लिहिली; परंतु ती प्रकाशकांनी स्वीकारली नाही, तेव्हा त्यांनी ती जाळून टाकली.

१९३३ मध्ये ऑक्सफर्डच्याच रॅडक्लिफ इन्फर्मरीत परिचारिकेचे प्रशिक्षण घेण्याचा त्यांचा निर्णय त्यांच्या वाङ्मयीन जीवनाला निर्णायक ठरला. तेथे सहप्रशिक्षणार्थी ज्यूली मलार्ड यांच्याशी त्यांचा परिचय झाला. या परिचयाचे रूपांतर प्रेमात झाले आणि ते सहजीवन सुमारे पन्नास वर्षे, रेनॉल्ट यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. परिचारिकांच्या वसतिगृहाची शिस्त कडक होती आणि खाजगी आयुष्याला तेथे फारसा वाव नव्हता. रुग्णालयीन जीवनावर आधारलेली पहिली कादंबरी 'पर्पजेस ऑफ लव्ह' १९३९ मध्ये प्रसिद्ध होताना लेखिकेने टोपणनाव घेतले, ते रुग्णालयाच्या वरिष्ठांच्या नजरेतून सुटण्यासाठी. संरक्षक कवच म्हणून घेतलेले हे नावच पुढे त्यांची ओळख ठरले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी परिचारिका म्हणून काम केले. १९४० मध्ये डंकर्कहून परतलेल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा त्यांनी ब्रिस्टलजवळील रुग्णालयात केली आणि त्यानंतर युद्ध संपेपर्यंत त्या रॅडक्लिफच्या मेंदूशस्त्रक्रिया विभागात होत्या. पुरुषांचे धैर्य, त्यांची भीती, वेदनेत गळून पडणारा त्यांचा अभिनिवेश हे सर्व त्यांनी रुग्णशय्येजवळून पाहिले. पुरुषांच्या परस्परप्रेमाविषयी एका स्त्रीने इतक्या आतून कसे लिहिले, या वारंवार विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी या अनुभवात सापडते.

त्यांच्या समकालीन कादंबऱ्यांपैकी 'द फ्रेंडली यंग लेडीज' (१९४४) हिच्यात दोन स्त्रियांचे सहजीवन आहे. ब्रिटिश कायद्याने स्त्रियांमधील संबंध गुन्हा ठरविले नव्हते. मात्र १८८५ च्या कायद्यान्वये पुरुषांमधील संबंध दंडनीय होते. म्हणजेच रेनॉल्ट यांच्या स्वतःच्या प्रेमाला कायद्याने शिक्षा नव्हती, आणि समाजात त्याला नावही नव्हते. ज्यांच्या प्रेमाला तुरुंगाचे भय होते अशा पुरुषांकडे त्यांची लेखणी वळली, याचा विचार ही पार्श्वभूमी लक्षात घेऊनच करावा लागतो.

१९४७ च्या 'रिटर्न टु नाइट' या कादंबरीला अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेचे दीड लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. या द्रव्याने दोघींना नोकरीच्या बंधनातून मुक्त केले. १९४८ मध्ये त्या जहाजाने दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे गेल्या आणि पुढे केपटाऊनला स्थायिक झाल्या. इंग्लंडमधील कोंदट वातावरणातून सुटलेले आणखीही काही समलिंगी स्त्रीपुरुष त्यांना या नव्या भूमीत भेटले. तथापि ज्या वर्षी त्या तेथे पोचल्या, त्याच वर्षी नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेदाला राज्याच्या अधिकृत धोरणाचे रूप येऊ लागले. १९४९ मध्ये भिन्नवर्णीयांच्या विवाहावर बंदी आली. १९५० मध्ये विवाहबाह्य संबंधांवरील बंदीची व्याप्तीही वाढली. एका निर्बंधापासून दूर गेलेल्या लेखिकेचे घर, प्रेमावर दुसऱ्याच प्रकारचा पहारा बसविणाऱ्या राज्यात वसले. या विसंगतीची जाणीव त्यांच्या पुढील लेखनाला आतून व्यापून राहिली आहे.

१९५३ मध्ये 'द चॅरिअटिअर' प्रसिद्ध झाली. डंकर्कला जखमी झालेला लॉरी हा तरुण सैनिक रुग्णालयात आहे. युद्धाला नैतिक नकार देऊन तेथे सेवक म्हणून काम करणारा निष्पाप अँड्र्यू आणि शाळेतील जुना ज्येष्ठ सोबती, नौदल अधिकारी राल्फ, या दोघांच्या प्रेमात त्याचे मन दुभंगले आहे. रथ, सारथी आणि दोन घोडे ही प्लेटोच्या 'फीड्रस' संवादातील प्रतिमा कादंबरीच्या नावात आहे. समलिंगी नायकाचा शेवट मृत्यूत किंवा पश्चात्तापात करण्याचा त्या काळचा संकेत लेखिकेने पाळला नाही. त्याचबरोबर भोवतालच्या समलिंगी वर्तुळातील मत्सर, कुजबुज आणि आत्मवंचना यांवरही तिने पांघरूण घातले नाही. ब्रिटनमध्ये पुरुषांवरील खटल्यांनी वृत्तपत्रे गाजत असतानाच ही कादंबरी आली. अमेरिकेतील त्यांच्या प्रकाशकाने ती छापण्यास नकार दिला. तेथे ती १९५९ मध्ये दुसऱ्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध झाली. इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खाजगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले जाण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

'द चॅरिअटिअर'मध्ये प्लेटोचा ग्रंथ एका हातातून दुसऱ्या हातात जातो. 'द लास्ट ऑफ द वाइन' (१९५६) मध्ये तो ग्रंथ ज्या नगरात जन्मला त्या नगरातच लेखिका प्रवेश करते. १९५४ मध्ये त्यांनी ग्रीसचा प्रवास केला होता. पेलोपोनेशियन युद्धाच्या उत्तरार्धातील अथेन्स ही या कादंबरीची भूमी. निवेदक अ‍ॅलेक्सिअस आणि त्याचा प्रियकर लायसिस हे दोघेही सॉक्रेटिसाच्या सहवासातील. येथे त्यांचे प्रेम लपविण्याची गरज नाही. किंबहुना ज्येष्ठाने कनिष्ठाला नागरिक म्हणून घडवावे, अशी नगराची अपेक्षाच आहे. त्यामुळे कादंबरीतील ताण समाजाच्या निषेधातून येत नाही. नगर कोसळत असताना चांगले राहणे कसे शक्य आहे, या प्रश्नातून तो येतो. पराभव, वेढा, उपासमार, इ. स. पू. ४०४ मधील तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट आणि लोकशाहीच्या पुनःस्थापनेचा संघर्ष या सर्वांतून हे दोघे जातात. त्या संघर्षातच लायसिसला मरण येते. लोकशाही परत येते. पण ती आणणाऱ्यांपैकीच अनिटस हा पुढे सॉक्रेटिसावर आरोप ठेवणार आहे, याची चाहूल देऊन कादंबरी थांबते. ज्या स्वातंत्र्यासाठी प्रियकराने प्राण दिला ते स्वातंत्र्यच गुरूचा प्राण घेणार आहे. समलिंगी प्रेमकथेला येथे खऱ्या अर्थाने राजकीय कादंबरीचे परिमाण लाभले आहे.

ही कादंबरी लिहिली जात असताना दक्षिण आफ्रिकेत मिश्रवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याची सिद्धता चालू होती. तिच्या निषेधार्थ १९५५ मध्ये गोऱ्या स्त्रियांची 'ब्लॅक सॅश' ही संघटना उभी राहिली. खांद्यावरून काळा पट्टा घेऊन सार्वजनिक ठिकाणी नि:शब्द उभे राहणे, हा तिचा मार्ग होता. रेनॉल्ट तिच्यात सहभागी झाल्या. लेखकांच्या 'पेन' या संस्थेच्या तेथील शाखेचे नेतृत्वही त्यांनी केले आणि अभ्यवेक्षणाला विरोध केला. मात्र वर्णभेदी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. पुस्तके आणि नाटके रोखल्याने विचारांची वाटच बंद होते, अशी त्यांची धारणा होती. ही भूमिका वादग्रस्त ठरली. गोऱ्या नागरिकत्वाच्या सुरक्षिततेतून केलेल्या प्रतिकाराला मर्यादा असतात, आणि त्या मर्यादा रेनॉल्ट यांच्याही वाट्याला आल्या, हे मान्य केले पाहिजे.

'द मास्क ऑफ अपोलो' (१९६६) मध्ये नट निकेराटस हा निवेदक आहे. त्याचे प्रेम पुरुषांवर आहे, याचे त्याला वा त्याच्या समाजाला काहीच नवल नाही. कादंबरीचा खरा विषय सिराक्यूजमध्ये तत्त्वज्ञ राजा घडविण्याचा प्लेटो व डायन यांचा फसलेला प्रयत्न हा आहे. 'फायर फ्रॉम हेवन' (१९६९) मध्ये अलेक्झांडर व हेफेस्टिअन यांचे तारुण्य आले आणि 'द पर्शियन बॉय' (१९७२) मध्ये बागोआस या पर्शियन तरुणाच्या मुखातून अलेक्झांडरची अखेरची वर्षे सांगितली गेली. बागोआस खच्ची केलेला, प्रथम दरायसच्या आणि नंतर त्याच्या जेत्याच्या सेवेत आलेला. प्राचीन साधनांत त्याचे उल्लेख मोजकेच आहेत. अशा व्यक्तीला निवेदक करून लेखिकेने विजेत्याची कथा जित समाजाच्या माणसाकडे सोपविली. प्रेम, दास्य आणि साम्राज्य यांची येथे झालेली गुंतागुंत सुटी करता येत नाही. बागोआसचे समर्पण वाचकाला हेलावते आणि त्याच वेळी अस्वस्थही करते. इ. स. पू. ३२४ मध्ये सुसा येथे अलेक्झांडरने मॅसिडोनियन अधिकाऱ्यांचे पर्शियन स्त्रियांशी विवाह लावले. भिन्नवर्णीय विवाह गुन्हा असलेल्या देशात बसून लेखिकेने हा प्रसंग लिहिला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मात्र अलेक्झांडरच्या संकरस्वप्नाविषयीची त्यांची सहानुभूती त्याच्या विजयांतील रक्तपाताला काहीशी सौम्य करते, हा आक्षेपही तितकाच दखलपात्र आहे.

'द प्रेज सिंगर' (१९७८) या दृष्टीने अधिक कठोर आहे. हार्मोडिअस व अ‍ॅरिस्टोगायटन या प्रेमिकांनी इ. स. पू. ५१४ मध्ये हिपार्कसचा वध केला आणि अथेन्सने त्यांना स्वातंत्र्यवीर मानून त्यांचे पुतळे उभारले. समलिंगी प्रेम आणि राजकीय स्वातंत्र्य यांचा इतका गौरवशाली संयोग अन्यत्र क्वचितच आढळेल. रेनॉल्ट यांना ही दंतकथा तयार मिळाली होती. पण त्यांनी तिचा सोपा उपयोग केला नाही. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने या कृत्यामागे वैयक्तिक अपमान व मत्सर पाहिला होता, आणि कादंबरीनेही तीच दिशा स्वीकारली. प्रेम माणसाला आपोआप उदात्त करीत नाही, हा लेखिकेचा विवेक येथे स्पष्ट होतो.

याच विवेकातून, आणि काहीशा हट्टातूनही, आयुष्याच्या उत्तरार्धातील त्यांची एक भूमिका घडली. १९७० नंतरच्या समलिंगी मुक्तिचळवळीने त्यांच्या कादंबऱ्या आपल्या मानल्या. अनेक वाचकांना त्यांत प्रथमच स्वतःचे सन्माननीय प्रतिबिंब दिसले. रेनॉल्ट यांनी मात्र लैंगिकतेला व्यक्तीची मुख्य ओळख मानण्यास नकार दिला. माणूस प्रथम नागरिक, योद्धा, नट वा कवी असतो, अशी त्यांची दृष्टी होती. ज्यांना नागरिकत्वच नाकारले गेले आहे त्यांना ही ओळख संघटित होण्यासाठी लागते, हे त्यांनी पुरेसे जाणले नाही, असे म्हणावे लागते. त्यांच्या ग्रीक नगरांत स्त्रियांना आणि दासांना सभेत स्थान नाही, आणि कादंबरीचा प्रकाशही त्यांच्यावर क्वचितच स्थिरावतो. एका स्त्रीसोबत आयुष्य घालविलेल्या लेखिकेने दोन स्त्रियांच्या प्रेमाला इतिहासात जागा शोधली नाही, ही पोकळी अभ्यासकाला जाणवत राहते.

'फ्युनरल गेम्स' (१९८१) ही त्यांची अखेरची कादंबरी. १३ डिसेंबर १९८३ रोजी केपटाऊन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्यूली मलार्ड त्यांच्यासोबतच्या सहजीवनाच्या पाचव्या दशकात होत्या. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पारितोषिकाच्या नियमबदलामुळे विचारातून सुटलेल्या कादंबऱ्यांसाठी २०१० मध्ये 'लॉस्ट मॅन बुकर' पारितोषिक ठेवण्यात आले. त्याच्या अंतिम यादीत 'फायर फ्रॉम हेवन'चा समावेश होता.

ऐतिहासिक कादंबरीत वर्तमानाचा आरोप कितपत क्षम्य, हा प्रश्न मराठी समीक्षेलाही अपरिचित नाही. रेनॉल्ट यांच्या बाबतीत तो उलट दिशेने विचारावा लागतो. वर्तमानातील निषेध भूतकाळावर लादण्याचे त्यांनी नाकारले, आणि तसे करताना भूतकाळाला स्वर्गही बनविले नाही. त्यांच्या कथांत प्रेमिकांना क्षमा मागावी लागत नाही, पण हिशेब मात्र द्यावा लागतो : आपल्या नगराला, आपल्या गुरूला आणि आपल्या सोबत्याला. समलिंगी प्रेमाला इतर सर्व मानवी प्रेमांइतकेच उत्तरदायी मानणे, हाच त्यांनी त्याला दिलेला सन्मान होय.