जमशेटजींचं कर्ज

शाळेत जाताना टाटा इन्स्टिट्यूटचं फाटक रोज लागायचं, पण टाटा म्हणजे आपल्याला मीठ आणि ट्रक. जमशेटजी मला भेटले ते परदेशी शिक्षणासाठी पैसे जमवताना.

१८३९ साली नवसारीच्या पारशी पुरोहितांच्या घरात जन्म, शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनला, मग नागपुरात एम्प्रेस मिल. १८९२ साली त्यांनी हुशार मुलांना परदेशी पाठवायला निधी काढला. दान नव्हे, कर्ज. शिका, कमवा, फेडा. तोच पैसा पुढच्याला. पहिल्या दोघी चक्क डॉक्टर बायका : फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. १९०४ साली जमशेटजी जर्मनीत वारले, निधी मात्र चालू राहिला. जयंत नारळीकरही तो घेऊनच केंब्रिजला गेले.

मला त्यातून मिळाले ते थोडे. बाकीच्यासाठी बाबांनी देवनारचं घर गहाण ठेवलं. पण टाटांचा शेवटचा हप्ता भरला तेव्हा हे पैसे आता कुणाला जातील, याचीच उत्सुकता वाटली. बँकेच्या हप्त्याला असं कधी झालं नाही!

आपल्या बॅचच्या निधीतून बक्षिसं द्यावीत असं बरेच जण म्हणताहेत. माझं मत बिनव्याजी कर्जाला. पहिला हप्ता मी आणलाय.