डॉ. बाबासाहेब आंबेडकर : नोकरीतील अवमान आणि प्रतिकार

कामाच्या ठिकाणी होणारा छळ दर वेळी शिवीगाळीच्या रूपातच प्रकट होतो असे नाही. पुष्कळदा तो कचेरीच्या नित्याच्या रीतीत मिसळून गेलेला असतो आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते. या दृष्टीने डॉ. आंबेडकरांच्या नोकरीचा काळ अभ्यासण्याजोगा आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना उच्च शिक्षणासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये अध्ययन करून परतल्यावर, करारानुसार १९१७ मध्ये ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले. पद अधिकाऱ्याचे होते. परंतु शिपाई कागदपत्रे हाती न देता दुरून टाकीत आणि कचेरीत त्यांना पिण्याचे पाणीही मिळत नसे, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. छळ केवळ वरिष्ठच करतात, हा समज किती अपुरा आहे, हे येथे दिसते. राहण्यासाठी त्यांनी पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेचा आश्रय घेतला. तेथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना घालवून दिले. संस्थानाकडून निवासाची सोय होईना, तेव्हा नोकरी सोडून ते मुंबईस परतले.

१९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्वत्ता वा पद अवमानापासून संरक्षण देत नाही, हे दोन्ही ठिकाणी सिद्ध झाले.

हे अनुभव बाबासाहेबांनी व्यक्तिगत दुर्दैव मानले नाहीत. बडोद्याची हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले आणि १९२७ मध्ये महाडला सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. कामगारांच्या संपावर निर्बंध आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेल्या संपाचे ते एक नेते होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना, कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी सुधारणा त्यांनी मांडली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यतेचे आचरणच निषिद्ध ठरविले.

आपल्या शहरात १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय होय. ज्याला अध्यापकांच्या खोलीत पाणी नाकारले गेले, त्याने इतरांसाठी महाविद्यालयाचे दार उघडले. अवमान ओळखणे, त्याची नोंद ठेवणे, समदुःखी लोकांना संघटित करणे आणि नियम बदलून घेणे, असा हा प्रतिकाराचा क्रम आहे.

स्वाध्याय : आपल्या कामाच्या ठिकाणची ‘रीत’ म्हणून चालत आलेली, परंतु एखाद्याचा अवमान करणारी एक प्रथा निवडा व तिचे या चरित्राच्या आधारे विवेचन करा.