कमला सोहोनी : डाळीच्या दाण्यातील विज्ञान

ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या भाजली जात आहे. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून येथील गृहिणींना ठाऊक होते, की एका धान्याची उणीव दुसऱ्याने भरून निघते. हे शहाणपण अनुभवातून आलेले होते. परंतु डाळींतील प्रथिनांचे मोल प्रयोगशाळेत पारखून घेण्याचे काम ज्या भारतीय संशोधकांनी केले, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे स्थान फार वरचे आहे. डाळींच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगाव जिल्ह्यात तरी हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावयास हवे.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले. साहजिकच, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळताच कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. नोबेल पारितोषिकाने गौरविले गेलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन त्या वेळी संस्थेचे संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. गुणवत्तेचा प्रश्नच उपस्थित झाला नव्हता.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी संस्थेत जाऊन सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला. पण एक वर्ष उमेदवारीचे, संचालकांचे समाधान झाल्याखेरीज कामाला मान्यता नाही आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अपमानास्पद अटींवर. त्यांनी त्या अटी स्वीकारल्या, पण त्यांचा सल विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व डाळी यांतील प्रथिनांवर केलेल्या कामाने त्यांनी 1936 मध्ये एम.एस्सी. पदवी संपादन केली. त्यानंतर त्या संस्थेची दारे अन्य स्त्रियांनाही खुली झाली. एका विद्यार्थिनीच्या हट्टाने एका थोर शास्त्रज्ञाला आपले मत बदलावे लागले, हे त्या काळाच्या मानाने लहान यश नव्हे.

पुढे केंब्रिज येथे, फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विख्यात प्रयोगशाळेच्या परिसरात, त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवून दिले. अन्नातून ऊर्जा निर्माण होण्याच्या साखळीत हे प्रथिन इलेक्ट्रॉन वाहून नेते. प्राण्यांत आणि वनस्पतींत जीवनाची यंत्रणा मुळात एकच आहे, या विचाराला त्यामुळे बळकटी आली. अवघ्या 14 महिन्यांत, सुमारे 40 पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

1939 मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथील कामानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकविले. वाल, पावटा यांसारख्या कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारे घटक असतात; ट्रिप्सिन या पाचक विकराचे कार्य ते रोखून धरतात. त्यांवर कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोलाचे संशोधन केले. कडधान्ये नीट शिजवून का खावीत, याचे उत्तर त्यात आहे. नीरेच्या पोषणमूल्यावरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

आज प्रथिनांचा अभ्यास पार बदलला आहे. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र विद्युत्‌भारित रेणूंचे वस्तुमान अचूक मोजते आणि पेशीतील हजारो प्रथिने एकाच वेळी ओळखता येतात. प्रथिनांसारखे अवजड रेणू न मोडता या यंत्रात नेण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन व कोइची तानाका यांना 2002 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. योगायोग असा, की या शास्त्रात प्रथिनांचे तुकडे करण्यासाठी जे विकर सर्रास वापरतात ते ट्रिप्सिनच, आणि यंत्राची पारख करण्यासाठी नेहमी घेतले जाणारे एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. कमलाबाईंच्या हाती असे यंत्र नव्हते. होती ती चिकाटी.

तरीही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना विलंबानेच मिळाले. बंगळूरच्या दारात भेटलेला पूर्वग्रह पदव्या आणि पुरस्कार मिळूनही पूर्णपणे सरला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत भाग घेतला आणि अन्नातील भेसळीविषयी सामान्य माणसाला सावध केले. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले.

सत्याग्रह करावा लागणे ही कमलाबाईंची थोरवी असेल; व्यवस्थेची मात्र ती नामुष्की होती. प्रत्येक मुलीच्या अंगी असा लढाऊ बाणा असेलच असे नाही, आणि विज्ञान शिकण्यासाठी तो असावा लागू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती, अशी वाटणी जेथे नकळत होते, तेथे ती मोडून काढणे शिक्षकांच्या हाती आहे. कमलाबाईंचे खरे स्मारक तेथेच उभे राहील.